मत कुजवायचे नाही

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडता पडता बख्शी का तालाब येते. नवाबी काळातल्या तलावावरून गावाला हे नाव पडले. आज ते हवाई दलाच्या तळामुळे अधिक ओळखले जाते. २००८च्या फेररचनेत इथे विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. २०१२ मध्ये समाजवादी पक्षाचे गोमती यादव बसपच्या नकुल दुबे यांना थोडक्या मतांनी हरवून आमदार झाले. २०१७ मध्ये भाजपचे अविनाश त्रिवेदी निवडून आले. त्या वेळी समाजवादी पक्ष आणि बसप या दोन हरलेल्या पक्षांच्या मतांची बेरीज विजेत्याच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती. २०२२ मध्ये जागा भाजपकडेच राहिली. योगेश शुक्ला आमदार झाले.

लोकसभेला हाच भाग मोहनलालगंज या अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघात मोडतो. म्हणजे इथला मतदार एकदा खुल्या आणि एकदा राखीव जागेसाठी मत देतो, आणि दोन्ही वेळा त्याच्यापुढे एकच पेच उभा राहतो. मन बसपच्या हत्तीपाशी आहे, पण हत्ती निवडून येण्याची शक्यता नाही. मग समाजवादी पक्षाच्या सायकलचे बटण दाबायचे का? दाबले तर ती स्वतःशी केलेली प्रतारणा ठरते का?

हा प्रश्न डावपेचांचा वाटतो, पण मुळात नीतीचा आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत तिसऱ्याला जागा उरत नाही. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हेर्जे यांनी १९५१ मध्ये हेच मांडले होते: अशी पद्धत राजकारणाला दोन ध्रुवांकडे ढकलते, कारण आपले मत वाया जाईल या भीतीने लोक तिसऱ्याला सोडून देतात. उत्तर प्रदेशात २०१४ साली बसपला जवळपास २० टक्के मते मिळाली आणि लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. पाच मतदारांमागे एकाचा आवाज संसदेत पोहोचलाच नाही. पद्धत बदलली तर पेच सुटेल, असेही नाही. अ‍ॅलन गिबार्ड आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९७०च्या दशकात गणिताने सिद्ध केले की तीन किंवा अधिक उमेदवारांतून एक निवडायचा असेल, तर सगळा निर्णय एकाच माणसाच्या हाती न देणाऱ्या कोणत्याही क्रमवारीच्या पद्धतीत कधी ना कधी खऱ्या आवडीपेक्षा वेगळे मत देणे फायद्याचे ठरतेच.

मग मनातले खरे मत मतपेटीत टाकणे, हे कर्तव्य आहे का?

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. नेहमी खरेच बोलायचे, हे त्याचे व्रत. दरोडेखोरांना भिऊन लोक रानात लपले. दरोडेखोरांनी विचारले, तेव्हा कौशिकाने व्रत पाळून जागा दाखवली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेचे प्रकरण लिहिताना सत्याच्या अशाच अपवादांचा ऊहापोह केला, तो उगाच नव्हे. मत हे कर्म आहे, श्रद्धेची कबुली नव्हे. मतपेटी मतदाराला ‘तुझे दैवत कोण’ असे विचारत नाही. उपलब्ध असलेल्यांपैकी कोणाच्या हाती सत्ता द्यायची, एवढेच विचारते. त्यामुळे दुसऱ्या पसंतीच्या माणसाला मत देणारा खोटे बोलत नाही. तो परिणामाची जबाबदारी घेतो.

पण म्हणून कोणताही डाव क्षम्य ठरत नाही. ही सीमारेषा कुठे आहे, हे मराठी माणसाला ग्रंथांतून शोधावे लागत नाही. ती मुंबईत आणि भंडाऱ्यात आखली गेली.

१९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. उत्तर मुंबईत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवाद्यांशी युती होती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले; बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. ७० हजारांहून जास्त मते वाया गेली होती. दोन्ही मते एकाच उमेदवाराला द्या, म्हणजे दुसरे आपोआप बाद होईल, असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा आरोप करत आंबेडकर आणि मेहता न्यायाधिकरणापुढे गेले. अर्ज फेटाळला गेला. मत कुजवणे हा शब्दप्रयोग त्या काळापासून महाराष्ट्राच्या राजकारणात ऐकू येतो.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा आंबेडकर आणि मेहता. आता हेच हत्यार बाबासाहेबांच्या हाती होते. कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये. मेहतांची मते घटतील, पण बाबासाहेब तरतील. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्यांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, ते लोकांना मत कुजवायला सांगणार नव्हते. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी हरले.

त्यांनी युती केली होती, म्हणजे आपल्या विचाराच्या पूर्ण जवळ नसलेल्या माणसाला मत द्यायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती मताचा नाश करायला आणि सोबत्याला दिलेला शब्द मोडायला. युतीधर्माची इतकी स्वच्छ कसोटी भारतीय राजकारणात क्वचितच कोणी घालून दिली असेल. ती त्यांनी पाळली आणि तिची किंमत स्वतः मोजली. फेडरेशनच्या मतदारांनी मेहतांना भरभरून मते दिली. मेहतांच्या बाजूच्या मतदारांनी तेवढी मते परत दिली नाहीत.

तेव्हापासूनचे आघाड्यांचे राजकारण मतांची परतफेड होते का, याच प्रश्नाभोवती फिरते आहे. दोन्ही पक्षांत वैर पेटवणारे १९९५चे लखनौच्या गेस्ट हाऊसमधले प्रकरण मागे टाकून २०१९ मध्ये बसपच्या मायावती आणि समाजवादी पक्षाचे मुलायमसिंह मैनपुरीत एका व्यासपीठावर आले. निकालानंतर मायावतींनी आघाडी सोडली आणि यादवांची मते आपल्याकडे वळली नाहीत, असे सांगितले. आकडे मात्र वेगळी साक्ष देतात. बसप शून्यावरून १० जागांवर गेला, समाजवादी पक्ष २०१४ प्रमाणेच ५ वर थांबला. म्हणून ही तक्रार जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. २०२४ मध्ये बसप एकटा लढला, राज्यात ९ टक्क्यांच्या आसपास मते मिळवून पुन्हा शून्यावर आला. मोहनलालगंजमध्ये समाजवादी पक्षाचे आर. के. चौधरी सुमारे ७० हजार मतांनी जिंकले. हे चौधरी एकेकाळचे बसपचे संस्थापक कांशीराम यांचे सहकारी. बख्शी का तालाबच्या बसपनिष्ठ मतदाराला त्यांना मत देताना स्वतःला फसवल्यासारखे वाटण्याचे काही कारण नव्हते.

महाराष्ट्रात याच प्रश्नातून भाजपची ‘बी टीम’ हा आरोप पुढे आला. २०१९ मध्ये नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी हरले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मते पडली. सगळा दोष वंचितच्या मतदारावर टाकण्यात आला. हा आरोप अन्यायाचा आहे. जागावाटपात ज्याला सन्मानाने बसवले नाही, त्याच्या मतावर हक्क सांगण्याचा अधिकार मोठ्या पक्षाला कुठून आला? हा मतदार कोणाच्या सातबाऱ्यावर लिहून ठेवलेला नाही. दुसऱ्या पसंतीला मत देण्याचा त्याग हा ज्याचा त्याने, स्वखुशीने करायचा असतो. तो वसूल करता येत नाही. आणि गेली ७० वर्षे हा त्याग जवळजवळ नेहमी एकाच बाजूकडून मागितला गेला आहे.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने रद्द झाले. आज प्रत्येकाकडे एकच मत आहे, त्यामुळे परतफेड मतपत्रिकेवर दिसत नाही. ती जागावाटपात आणि प्रचारातच दिसू शकते. म्हणून पुढच्या निवडणुकीत कोणी मतविभागणीचा आरोप केला, तर वाचकांनी आधी त्यालाच विचारावे: तुमच्या पक्षाने आपली किती मते दलित सहकाऱ्याच्या उमेदवाराला मिळवून दिली, ते बूथनिहाय दाखवा.