पाहुण्याचा खलिता

नगरच्या केडगावात रेणुकामातेच्या देवळाच्या आसपास बसायला जागा शोधा. नवरात्रातले दिवस नकोत, तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. एखादी साधी सकाळ हवी. मोबाईल पिशवीत ठेवा. श्वास आपोआप संथ होईल, त्याच्या मागे लागू नका. फक्त पाहा. कोण कोणाला आधी नमस्कार करतो? चौकातल्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा आहे आणि कोण कोपऱ्यात आहे? पाणी कधी सुटणार, हे कोण कोणाला विचारतं?

तुम्ही इथलेच असाल तर हे जड जाईल, कारण रोजचं असल्यामुळे ते दिसेनासं झालेलं असतं. म्हणून अशी कल्पना करा की दूरच्या एका बादशहानं तुम्हाला वकील म्हणून या मुलखात पाठवलं आहे. जे दिसेल ते तुम्हाला लिहून कळवायचं आहे. घाई नाही. जासूद निघायला अवकाश आहे.

असा एक माणूस खरोखर नगरला आला होता. 1591 मध्ये अकबरानं फैजीला दक्षिणेत पाठवलं. अबुल फजलचा हा थोरला भाऊ, दरबारचा राजकवी. आधी खानदेशात राजा अली खानाकडे आणि मग अहमदनगरला दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाकडे, अशी त्याची कामगिरी होती. बुऱ्हाण काही वर्षं अकबराच्या आश्रयाला होता. आता तो तख्तावर आला होता, आणि त्यानं मोगलांचं वर्चस्व मान्य करावं, एवढंच फैजीला घडवून आणायचं होतं.

ते घडलं नाही. बुऱ्हाणनं दाद दिली नाही आणि 1593 मध्ये फैजी परतला. पण त्यानं इथून अकबराला लिहिलेली पत्रं राहिली. वाटेतल्या अधिकाऱ्यांचा कारभार, विद्वान मंडळी, इराणकडून आलेल्या बातम्या असं बरंच त्यांत आहे. एका ठिकाणी तो नगरमधल्या दोन कवींची ओळख करून देतो. मलिक कुमी हा लोकांत फारसा न मिसळणारा, आणि दुसरा जुहूरी. दोघेही मोठ्या योग्यतेचे आहेत, असं तो बादशहाला सांगतो.

इथं थांबा. कामगिरी अडली आहे, यजमान शब्द देत नाही, आणि तरी हा वकील परक्या शहरातल्या दोन कवींसाठी कागद खर्च करतो. मला फैजीचं हे फार मोलाचं वाटतं. ज्या दरबारानं आपल्याला दाद दिली नाही, त्याच्या सावलीत काही चांगलं फुललं आहे हे दिसायला आणि ते आपल्या धन्याला कळवायला मन मोकळं लागतं.

आता त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. 1595 संपता संपता शहजादा मुरादच्या फौजेनं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. चांदबिबीनं किल्ला राखला, पण वऱ्हाड द्यावा लागला. 1600 मध्ये किल्लाही पडला. फैजीच्या पत्रांमुळे फौज आली, असं म्हणता येणार नाही. मात्र कवींचं कौतुक ज्या दफ्तरात पोचलं, त्याच दफ्तरातून स्वारीचे हुकूम निघाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी पुसू नका, दोन्ही काही वेळ मनात राहू द्या.

मग स्वतःला विचारा: मी शेजारच्या गावाबद्दल, दुसऱ्या जातीबद्दल, परप्रांतातून आलेल्या कामगारांबद्दल बोलतो, तेव्हा माझं म्हणणं शेवटी कोणाच्या दफ्तरात जमा होतं?

केडगावच्या दक्षिणेला वाळकी आहे. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची छावणी तिथं होती. 8 तारखेला तिथून निघून त्यानं नगरची पेठ घेतली, 12 ला किल्ला ताब्यात आला. पेशव्यांच्या बाजूचे एक गोखले सरदार त्याच्या छावणीत होते. त्यांनी पुण्याला लिहिलं, त्याचा आशय असा की हे इंग्रज मोठे अजब लोक, सकाळी आले, पेठेची भिंत पाहिली, तिच्यावरून चढून गेले, शिबंदी कापली आणि न्याहारीला परत आले. यात यजमानाकडचा माणूस पाहुण्याला न्याहाळतो आहे. त्याला विस्मय वाटतो, भीती अजून पुरती उमगलेली नाही. हा पाहुणा जेवून उठणार नाही, हे कळायला अजून चौदा वर्षं जायची होती.

ती चौदा वर्षं डोळ्यांपुढून जाऊ द्या. 1811 पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याला संगमावर रेसिडेंट होता. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात काय शिजतं, ते पैसे मोजून ठेवलेल्या बातमीदारांकडून त्याला कळत असे. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, बंगला जळाला, त्याची पुस्तकं आणि कागद गेले. राज्य बुडालं आणि कालचा वकील त्याच मुलखाचा कमिशनर झाला. तेव्हा त्यानं आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले: गावचा तंटा कसा मिटतो, पाटलाचा अधिकार किती, वतनं कशी चालतात. नगरची जबाबदारी हेन्री पॉटिंजरकडे होती. 1810 मध्ये वेष पालटून बलुचिस्तान पालथा घालणारा, आणि पुढे 1842 मध्ये चीनशी नानकिंगचा तह करणारा हाच पॉटिंजर. या तालुक्यांतल्या कुळांचं आणि पंचांचं वागणं अशा माणसाच्या नजरेखालून कागदावर उतरलं.

एल्फिन्स्टनचा अहवाल 1819 चा आहे. त्यात पक्षपात आहेत. पुण्याच्या ब्राह्मणांबद्दल तो फार कडवट लिहितो. पण गाव आणि पंचायत यांच्याकडे तो थांबून बघतो. पंचायतीत दिरंगाई आहे, वशिला आहे, निकाल बजावायला जोर नाही, हे सगळं सांगून तो म्हणतो की लोकांचा तिच्यावर भरवसा आहे आणि ती मोडू नये. राजधानीत सात वर्षं राहून त्यानं दरबार पाहिला होता. गाव त्याला कळू लागलं ते इतरांना विचारल्यावर. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि 1827 मध्ये त्याच्याच नावानं ओळखला जाणारा कायदेसंग्रह आला. कोर्टं बसली, आणि गावची पंचायत हळूहळू मागे पडत गेली. याला ढोंग म्हणून मोकळं होऊ नका. एखाद्या गोष्टीची किंमत कळलेल्या माणसाच्या हातूनही ती गोष्ट निसटते, कारण त्याचं उत्तरदायित्व वेगळ्या ठिकाणी असतं. पाठीचा ताठा थोडा सैल करा, आणि हे वाक्य स्वतःच्या नोकरीला, पक्षाला, संस्थेला लावून पाहा. अस्वस्थ वाटलं तर उठू नका.

आता उलट्या दिशेनं गेलेला एक मराठी माणूस आठवा. औंधचे अप्पासाहेब पंत. त्यांच्या वडिलांनी 1939 मध्ये संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती सोपवली, आणि गावं आपला कारभार कशी उचलतात ते या मुलानं जवळून पाहिलं. 1948 मध्ये ते भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला गेले. यजमान सरकार ब्रिटिश वसाहतीचं होतं, त्या सरकारच्या मर्जीत राहणं सोपं होतं. पंतांनी आफ्रिकी नेत्यांशी मैत्री केली, त्यांचं ऐकलं आणि दिल्लीला तसं कळवलं. वसाहत सरकारला हे खुपलं, त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, आणि 1954 मध्ये त्यांना तिथून हलवण्यात आलं. त्या देशाचे खरे यजमान कोण, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवला होता, आणि केनियाला स्वातंत्र्य मिळालं ते त्यानंतर नऊ वर्षांनी, 1963 मध्ये.

त्या बदलीच्या हुकुमाजवळ थोडं रेंगाळा. मग आपल्या वॉर्डाकडे या. नगरसेवक काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याचे विरोधक काय म्हणतात तेही. ज्याचं ऐकून तसंच सांगितलं तर तुमचं स्वतःचं काहीतरी जाईल, एखादी ओळख, एखादं काम, घरातला सलोखा, असा माणूस कोण आहे? एखादी भाडेकरू बाई असेल, कांद्याच्या गोणी वाहणारा हमाल असेल. चेहरा डोळ्यांपुढे आला असेल तर तो बाजूला सारू नका. त्याला विचारायचा पहिला प्रश्न मनात नीट जुळवा, आणि जुळला की आजच विचारायला जा.