स्वप्नातली आज्ञा मानावी काय?

वाशीम-रिसोडकडे कीर्तन आटोपले की कोणी ना कोणी आम्हांस विचारतोच, "महाराज, देव स्वप्नात आला न् अमुक कर म्हणाला. मानावे का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यापायी घरेदारे बुडतात, म्हणून त्याचा विचार करू.

मांडूक्याने जागृती, स्वप्न, सुषुप्ती या अवस्था सांगून तिन्हींच्या पलीकडील आत्म्याला चौथा म्हटले. बृहदारण्यकाच्या मते स्वप्नातली सारी सामग्री जीवच घडवितो. शिकागोच्या संशोधकांनी १९५३ साली दाखविले की, झोपेत डोळे भराभर हलतात तेव्हा जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. म्हणजे स्वप्न पडते हे खरे. पण दिसले तेवढ्याने ते प्रमाण होत नाही.

तर मग तुकोबांच्या उपदेशाचे काय? माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बाबाजींनी स्वप्नात मस्तकी हात ठेवून रामकृष्णहरि मंत्र दिला. भोजनाला पावशेर तूप मागितले, त्याचा स्वप्नातच विसर पडला, हेही तुकोबांनी लपविले नाही. बहिणाबाईंना कोल्हापुरी असता तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. पती रागावले, मारहाण झाली. पण त्यांनी नाम सोडले नाही आणि पतिसेवाही सोडली नाही.

आता पाहा हं, या दोन्ही स्वप्नांनी दुसऱ्याजवळ काय मागितले? काहीच नाही. जो भार पडला तो पाहणाऱ्याच्या शिरावर. उलट गुप्तधन खणा, अमकीने करणी केली, तमक्याला वाळीत टाका, असे सांगणारे स्वप्न दुसऱ्याचा बळी मागते. तसल्या अघोरी प्रकारांवर महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. धर्माने तर ते कधीच निषिद्ध मानले.

कोणी म्हणेल, "पण देवच बोलला असेल तर?" अहो, सर्वांभूती असणारा देव एका लेकराच्या कानात दुसऱ्याच्या घाताची गोष्ट कशी सांगेल? तो आवाज आपल्याच लोभाचा, आपल्याच भयाचा.

म्हणून सज्जनहो, स्वप्न कोठून आले याचा वाद नको. नाम घे, खोटे बोलू नको, भुकेल्याला घास दे, असे ते म्हणाले तर खुशाल माना. ते जागेपणीही करण्याजोगेच आहे. जे दिवसाउजेडी चारचौघांत सांगायची लाज वाटते, ते रात्री देवाच्या नावावर खपवू नये.