मावशी या शब्दाची जबाबदारी

चीनमध्ये घरकामाला किंवा मूल सांभाळायला येणाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात. मराठी कानाला तो शब्द आधी 'आई' असाच ऐकू येतो. पण त्यातला 'यी' म्हणजे आईची बहीण, तेव्हा आयी म्हणजे सरळसरळ मावशी. पुण्यात आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनाही आम्ही मावशीच म्हणायचो. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन भाषांनी एकाच कामासाठी एकच नातं निवडावं, याची मला गंमत वाटते. आत्या नाही, काकू नाही, मावशीच. माय मरो, मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. आईची जागा भरून काढू शकेल अशी बाई म्हणजे मावशी, आणि नेमकं तेच काम आपण पगार देऊन करून घेत असतो.

मग पगारावर ठेवलेल्या माणसाला नात्याचं नाव देणं ही आपुलकी आहे, की सोयीस्कर खोटेपणा?

मी शांघायमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. बायकोचीही नोकरी आहे आणि मुलगी दोन वर्षांची. आमच्या आयी अनहुई प्रांतातल्या एका खेड्यातून आलेल्या आहेत. मुलीला कडेवर घ्यायला हवं असेल तर ती आम्हाला 'उचल' म्हणते आणि त्यांना 'बाओबाओ'. त्यांचा स्वतःचा मुलगा गावी आजीजवळ राहतो, नववीत आहे. चिनी नववर्षाला त्या गावी जातात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इकडे येतो. अशा मुलांना इथे 'छोटे स्थलांतरित पक्षी' म्हणतात.

तो एरवी त्यांच्याजवळ का राहत नाही, याचं उत्तर 'हुकोउ' नावाच्या नोंदणीत आहे. 1958 सालच्या नियमांनी प्रत्येक नागरिकाची नोंद एका ठिकाणाशी बांधली. पुढे शहरात जाऊन काम करायची वाट मोकळी झाली, पण सरकारी शाळेसारख्या सोयी बऱ्याच अंशी त्या नोंदीलाच चिकटून राहिल्या. विद्यापीठ प्रवेशाची 'गाओकाओ' परीक्षा सर्वसाधारणपणे नोंदणीच्या प्रांतात द्यावी लागते. म्हणून लहानपणी शहरात राहिलेली मुलंही माध्यमिक शाळेच्या सुमारास गावी परततात. 2013 मध्ये अखिल चीन महिला महासंघाने, 2010 च्या जनगणनेच्या आधारे, गावी मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटींहून अधिक सांगितली होती.

थोडक्यात, मी परदेशी असून माझी मुलगी पासपोर्टावरच्या एका व्हिसाच्या जोरावर माझ्याजवळ राहते. आयी याच देशाच्या नागरिक, पण त्यांचा मुलगा त्यांच्याजवळ नाही. यात चीनकडे बोट दाखवून मोकळं होण्यात अर्थ नाही. बीडहून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुलं गावी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवतात, आणि आपल्या चहातली साखर त्यातूनच येते.

या प्रश्नावर एक साधं उत्तर असं की नात्याचं सोंग टाकून द्यावं, चांगला पगार आणि ठरलेले तास द्यावेत आणि माणसाला कर्मचारी म्हणून मान द्यावा. इंजिनिअर म्हणून मला हे पटतं. व्हेरिएबलला 'शिल्लक' नाव दिलं म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. शिवाय नात्याच्या नावाखाली काय खपतं तेही दिसतं. 'घरच्याच आहात ना' हे वाक्य पगार वाढवताना कुणी वापरत नाही, रविवारी बोलावताना वापरतात. चीनचा 2008 पासून लागू झालेला श्रम करार कायदा कुटुंबाने थेट ठेवलेल्या बाईला लागू होत नाही. कायदा जिथे थांबतो, तिथे 'मावशी' हा शब्द पुढे होऊन जागा भरतो.

पण हे उत्तर पुरत नाही. दोन वर्षांच्या मुलीला सांभाळायचं तर तिचा लळा लागावाच लागतो. तो करारात लिहिता येत नाही, आणि नसेल तर काम झालं असंही म्हणता येत नाही. म्हणजे आपण विकत घेतो ते फक्त तास नाहीत, एका मुलाच्या वाट्याची माया आपण दुसऱ्या मुलाकडे वळवून घेतो.

या भूमीत हा वाद फार जुना आहे. मोझी म्हणत असे की सर्वांवर सारखंच प्रेम करावं, माझा बाप आणि तुझा बाप असा भेद करू नये. मेन्सियसला हे अमानुष वाटलं. त्याच्या मते प्रेम घरातून सुरू होतं आणि वर्तुळासारखं बाहेर पसरत जातं. मोझीचं ऐकायचं तर मी आयींना आजच मुलाकडे पाठवायला हवं, पण मग ज्या पगारावर त्याचं शिक्षण चाललं आहे तो थांबेल. मेन्सियसचं ऐकायचं तर माझी मुलगी आधी, हे मला अगदी सहज जमतं. पण त्याचा पसरण्याचा भाग आपण विसरतो. बाहेरच्या माणसाला नात्याने हाक मारणं म्हणजे ते वर्तुळ मोठं केल्याची जाहीर कबुली आहे. एकदा हाक मारली की त्या वर्तुळात त्यांचा मुलगाही येतो, कारण मावशीचा मुलगा म्हणजे मावसभाऊ.

मला सुचलेला निकष साधा आहे. नात्याचा शब्द वापरणाऱ्याला बांधतो, ज्याला हाक मारली त्याला नाही. मावशी म्हटल्याने आयींवर माझा कुठलाही हक्क तयार होत नाही, त्यांचा माझ्यावर होतो. तास आणि पगार कराराप्रमाणे, एक मिनिटही 'घरच्या' म्हणून जास्त नाही. नातं मोजायचं ते करारापलीकडे मी काय देतो यावरून.

जूनमध्ये त्यांच्या मुलाची 'झोंगकाओ' आहे, आपल्या दहावीसारखी. ती साधली तर सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळा मिळते, नाहीतर व्यावसायिक शाळेकडे वळावं लागतं. त्यांना परीक्षेआधी महिनाभर गावी राहायचं आहे. त्याच महिन्यात आमच्या टीमचं मोठं रिलीज आहे. त्यांना भरपगारी सुट्टी द्यायची आणि आम्ही दोघांनी आलटून पालटून घरी राहायचं ठरवलं आहे. माझी रजा मंजूरही झाली, कारण परदेशी माणसाला इथे थोडी सवलत मिळते. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याची मुलगी हूनानमध्ये आजोळी राहते. माझ्या रजेतलं बरंचसं काम त्याच्याकडे गेलं आहे.