ठरल्यानंतरचे दिवस

माझ्या भावाची धाकटी मुलगी पीयूसी पास झाली त्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नव्हती. गुणपत्रिका, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या चार चार झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट. बेळगावातल्या मराठी घरात हे काम दुप्पट असतं. कर्नाटकची सीईटी द्यायची आणि महाराष्ट्राचीही द्यायची. दोन अर्ज, दोन वेळापत्रकं, दोन पासवर्ड. मी निवृत्त झालेली, डोळ्यांनी अजून बरी, म्हणून अर्ज वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांसाठी थोड्या जागा वेगळ्या असतात. त्यासाठी दोन दाखले लागतात. तुम्ही वादग्रस्त भागात राहता याचा एक आणि तुमची मातृभाषा मराठी आहे याचा दुसरा. दुसऱ्या दाखल्यापाशी पोरगी थांबली.

"आत्या, हे खरं आहे का? आज्जी तर कानडीच बोलायची की."

आमच्याकडच्या बऱ्याच जैन घरांत असंच आहे. स्वयंपाकघरात एक भाषा, पेठेत दुसरी, आणि मंदिरात दोन्ही. मी तिला विचारलं, "तुझी आई तुझ्याशी कशात बोलते?"

"मराठीत. रागावली की कानडीत."

"मग मराठी लिही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. पण तिनं विचारलं याचं मला बरं वाटलं. कागदावर खोटं जाऊ नये एवढं तिला कळत होतं. पुढं जे झालं त्यात मात्र कुठल्याच कागदावर काही खोटं नव्हतं. म्हणून तर ते अवघड झालं.

कर्नाटकच्या पद्धतीत जागा मिळाली की चार पर्याय पुढं येतात. पहिला, ही जागा पसंत आहे, मी थांबते. दुसरा, पसंत आहे, पण पुढच्या फेरीत याहून चांगली मिळाली तर ती द्या. तिसरा, पसंत नाही, पुढच्या फेरीत बघते. चौथा, मला काहीच नको, मी बाहेर पडते. मला ही चार वाक्यं फार आवडली. माणसाच्या मनाच्या चार अवस्थाच सरकारनं लिहून काढल्यासारख्या वाटल्या.

पहिल्या फेरीत पोरीला मनासारखी शाखा मिळाली नाही, तिनं दुसरा पर्याय घेतला. मधल्या काळात महाराष्ट्राची यादी लागली आणि सीमाभागाच्या कोट्यातून पुण्यात जागा मिळाली. तीही स्वीकारली, पैसे भरले. इथपर्यंत सगळं ठीक. मग कर्नाटकची पुढची फेरी लागली आणि तिला बेळगावातच, घरापासून दोन बसच्या अंतरावर, कॉम्प्युटर सायन्स मिळालं. त्या रात्री ती उड्या मारत होती. मैत्रिणींना फोन झाले, मंदिरात नारळ गेला. पुण्याचं नाव दिवसभरात कुणी काढलं नाही.

चार दिवसांनी मी सहज विचारलं, "पुण्याची जागा सोडलीस का गं?"

भाऊच मधे बोलला. "सोडायची कशाला, अक्का? राहू दे की. शेवटच्या तारखेला बघू. उद्या पोरीचं मन बदललं तर?"

त्याचं चूक म्हणवत नव्हतं. नियमात बसत होतं. उलट नियम पोरांच्या बाजूचा आहे. मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर कॉलेजनं जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीची फी परत करावी, असं एआयसीटीईनं सांगून ठेवलं आहे. पूर्वी कॉलेजं फी गिळून बसायची, मूळ कागद अडवून ठेवायची. त्या अन्यायावर हा उपाय आहे आणि चांगला आहे. पण कुठल्याही सोयीला एक मागची बाजू असते. जागा धरून ठेवणं स्वस्त झालं आहे.

आमच्या धर्मात गृहस्थाला पाच अणुव्रतं सांगितली आहेत. मी मनातल्या मनात त्यातलं अचौर्य लावून बघितलं. तत्त्वार्थसूत्राप्रमाणे न दिलेलं घेणं ही चोरी. पण ही जागा तर दिलेली होती, गुणांवर दिलेली. म्हणजे चोरी नव्हे. सत्याचं व्रत लावलं, तिथंही काही सापडलं नाही. मग पाचवं उरलं, परिग्रहाचं. आपल्याला वाटतं परिग्रह म्हणजे पुष्कळ साड्या, पुष्कळ सोनं. पण त्याच ग्रंथात परिग्रह मोजला आहे तो वस्तूंनी नाही, मूर्च्छेनं. वस्तूवर जडलेल्या ममत्वानं. एकच वस्तू असली तरी परिग्रह होऊ शकतो, आणि दहा अर्ज भरले तरी होईलच असं नाही.

म्हणून मी अर्जांच्या संख्येवर बोट ठेवत नाही. पोरांनी पाच ठिकाणी अर्ज करावेत. मन ठरलेलं नाही तोवर दोन जागा हातात असणं हे भीतीचं आहे, लोभाचं नाही. ज्या घरात एकच मुलगी पहिल्यांदा कॉलेजात जातेय त्या घरानं तर दोन दोर धरूनच खाली उतरावं. प्रश्न ठरल्यानंतरच्या दिवसांचा आहे. मनानं एक जागा निवडली, नारळ वाढवून झाला, आणि तरी दुसरी मुठीत आहे. त्या दिवसांत आपल्याला त्या जागेचा काही उपयोग नसतो. ती दुसऱ्याला मिळत नाही, एवढाच तिचा उपयोग.

आमची आई ताटात उष्टं टाकू द्यायची नाही. "लागेल तेवढंच वाढून घे," म्हणायची. भूक कळेपर्यंत थोडं जास्त घेतलं तर रागवायची नाही. पण पोट भरल्यावर ताट पुढं घेऊन बसलेलं तिला चालायचं नाही.

मला हे एवढं का लागलं, तेही सांगते. 1979 साली मला कोल्हापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. अण्णांची अट एकच, वसतिगृहात खोली मिळाली तरच पाठवीन. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत माझा नंबर दुसरा. पहिल्या नंबरच्या मुलीला खोली मिळाली. मी रोज पोस्टमनची वाट बघायची. पाच आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. एका विद्यार्थिनीनं दुसरीकडं प्रवेश घेतल्याचं आता कळवलं आहे, खाट रिकामी आहे, तरी यावं. तोवर इथं माझं बी.ए.ला नाव घातलं होतं, फी भरली होती, आणि अण्णांचा उत्साह संपला होता. "एवढा अभ्यास बुडाला, आता कुठं जातीस," म्हणाले.

माझं आयुष्य बिघडलं असं मी म्हणणार नाही. शिकवलं, लिहिलं, संसार केला. पण ती मुलगी मला कधी कधी आठवते. तिनं माझं काही चोरलं नाही. तिला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. चार ओळींचं एक पत्र टाकायचं तिच्याकडून राहून गेलं, एवढंच.

हे मी त्या दिवशी भावाला बोलून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अक्का, तुझं दुःख पोरीच्या गळ्यात कशाला बांधतीस? आणि रांगेत पुढं उभा आहे तो गरीबच असेल कशावरून? आपल्यापेक्षा मोठा बंगला असेल त्याचा."

दोन्ही मुद्दे मला बोचले, कारण दोन्ही खरे होते. माझं जुनं दुःख होतंच त्यात. जुन्या दुःखानं माणूस न्यायाची भाषा फार चटकन बोलायला लागतो, हे मी या वयात शिकले. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मात्र माझ्याजवळ आहे. रांगेतला माणूस चांगला आहे की नाही, गरीब आहे की नाही, हे ठरवणं माझं काम नाही. जे माझ्या कामाचं नाही ते सोडण्यासाठी घेणाऱ्याची लायकी तपासायची नसते. तपासायला लागलो तर काही सोडणं होतच नाही. आणि त्या कोट्यात रांगेला उभं असणारं मूल कुठलंही असलं तरी आपल्याच भागातलं, निपाणी-खानापूरकडचं कुणीतरी, असंच दोन भाषांत वाढलेलं. महाराष्ट्रानं आम्हां सीमेवरच्यांना आपलं म्हणावं यासाठी आमच्या दोन पिढ्या भांडल्या. त्यातून मिळालेल्या मोजक्या जागा आम्हीच एकमेकांच्या वाटेवर अडवून धरायच्या?

पण हे मी पोरीला सांगितलं नाही. भावाचं बोलणं मनात होतं. तिला फक्त एक विचारलं. "तुझं ठरलंय का?"

"ठरलंय म्हणजे... नव्वद टक्के."

"मग दहा टक्क्यांचा विचार कर. ते दहा खरे असतील तर जागा ठेव, मी काही म्हणणार नाही."

ती दोन दिवस गप्प होती. या दोन दिवसांबद्दल मला तिचा आदर वाटतो. मी सांगितलं म्हणून लगेच केलं असतं तर ते माझं व्रत झालं असतं, तिचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. "आत्या, ते दहा टक्के पुण्याचे नव्हतेच," म्हणाली. "मला फक्त माझं नाव त्या यादीत बघायला आवडत होतं."

एवढं स्वच्छ मला साठीतही बोलता आलं नसतं. मूर्च्छा या शब्दाचा अर्थ मी आजवर शास्त्रात वाचत होते. तो तिनं सतराव्या वर्षी एका वाक्यात सांगितला.

जागा सोडल्याची नोंद करायला पाच मिनिटं लागली. पडद्यावर एक हिरवी ओळ आली आणि गेली. भाऊ दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला, मग विसरला. ती जागा पुढच्या फेरीत कुणाला मिळाली हे आम्हाला कळलं नाही, कळणारही नाही. कदाचित बंगलेवाल्यालाच मिळाली असेल. कदाचित एखाद्या घरी त्या रात्री नारळ फुटला असेल. टेबलावरचे कागद उचलून मी कपाटात ठेवले, आणि पुष्कळ दिवसांनी आम्ही तिथं जेवलो.