फ्रीज नेमका कोणाशी बोलतो?

एलजीच्या फ्रीजवर ‘ईआर एफएफ’ दिसलं, तर फ्रीझरचा पंखा नीट फिरत नाहीये. ‘ईआर डीएच’ दिसलं, तर डीफ्रॉस्टचं काहीतरी अडलंय. सॅमसंगच्या फ्रीजवर ‘ओएफ ओएफ’ आलं, तर काहीच बिघडलेलं नाही; शोरूमसाठी असतो तो डेमो मोड चुकून चालू झालाय. दिवा लागतो, डिस्प्ले चमकतो, फक्त आत काही गार होत नाही. घरच्या माणसाला मात्र तिन्हींचा अर्थ एकच लागतो: फ्रीज गेला, मेकॅनिकला बोलवा.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे असले एरर मेसेज लिहिणं माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. मेसेज लिहिताना आपण न बोलता एक गोष्ट ठरवून टाकतो: हे वाचणार कोण? फ्रीजचा कोड बहुतेक वेळा सर्व्हिसवाल्यासाठी लिहिलेला असतो. तो दिसतो मात्र तुमच्या स्वयंपाकघरात. ज्याने पैसे मोजले, त्याच्या घरात, त्याच्यासमोर, त्याच्याबद्दलच, पण त्याला कळणार नाही अशा भाषेत बोलणं. माणसांत याला आपण उद्धटपणा म्हणतो.

बरं, कोडलाही सगळं कळलेलं नसतं. फ्रीजमधला तापमानाचा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. तापमान बदललं की त्याचा रोध बदलतो. वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला की बोर्डाला अशक्य आकडा दिसतो आणि तो कोड दाखवतो. पंख्याचंही तसंच. बोर्डाने फिर म्हटलं, फिरल्याची खूण परत आली नाही, एवढंच त्याला माहीत. पात्यांवर बर्फ साचलाय, मोटार गेलीये की वायर सुटलीये, हे त्याला कळत नाही. कोड सांगतो ते लक्षण. कारण शोधणं माणसाचं काम, आणि त्याची सुरुवात घरात होऊ शकते. दार रात्रभर किलकिलं राहिलं होतं का? रबर सैल पडलंय का? फ्रीज बंद करून, दार उघडं ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्यायचा आणि मग चालू करायचा. कोड गेला आणि काही दिवसांनी परत आला, तर बर्फ हा परिणाम आहे. मूळ दोष डीफ्रॉस्टच्या हीटरमध्ये किंवा सेन्सरमध्ये असण्याची शक्यता जास्त. एवढं माहीत असलेल्या घरात ‘गॅस गेलाय, भरावा लागेल’ हे वाक्य तपासल्याशिवाय खपत नाही.

ऑफिसात हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: लोकांना सांगितलं तर उद्या स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतील. यात तथ्य आहे. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. गॅसच्या नळ्या आणि कॉम्प्रेसर यांना घरी हात लावायचा नाही, यावर माझा वाद नाही. पण हात लावू नका आणि जाणून घेऊ नका ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लॅब आपल्याला हिमोग्लोबिनचा आकडा देते, शेजारी नॉर्मल किती तेही छापते. तो वाचून कोणी स्वतःला रक्त चढवत नाही. (गूगल करून घाबरतो, ते वेगळं.)

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. तिथली चर्चा मॅन्युअलची, सुट्या भागांची. ती हवीच. पण दुरुस्तीच्या हक्काआधी समजण्याचा हक्क येतो, आणि तो कायद्यापेक्षा माझ्यासारख्या लोकांच्या कीबोर्डवर अडकलाय.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू इन्सुलिन घेतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. डिस्प्लेवर कोड आला की त्यांचा प्रश्न पंख्याचा नसतो. औषध आत्ता हलवायचं की सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल, हा असतो. त्यांच्या मॅन्युअलमधल्या कोडांची यादी मी मराठीत लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवली आहे. प्रत्येक कोडपुढे दोन रकाने आहेत: ‘काय झालं असेल’ आणि ‘औषध हलवायचं का’. दुसरा रकाना मॅन्युअलमध्ये नव्हता.