आतुराची स्मृती, परिचारिकेची वही

माझी भाची परिचर्येच्या चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमाला दाखल झाली, आणि वर्ग सुरू होऊन पंधरवडा लोटतो न लोटतो तोच एका रविवारी सकाळी तिने मला विचारले, "मामा, टॅबलेट घेऊ की वह्याच बऱ्या?" माझी उभी हयात मामलेदार कचेरीच्या दप्तरात, रुमालांच्या गाठी सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेली असल्यामुळे मी कागदाचीच बाजू घेणार हे तिने गृहीत धरले असावे, किंबहुना वडिलांकडे 25-30 हजारांची मागणी नेण्यापूर्वी विरुद्ध पक्षाचा जबाब ऐकून ठेवावा, एवढाच तिचा हेतू असावा. मी लगेच उत्तर दिले नाही. साधनाचा प्रश्न हा बाजाराचा प्रश्न, त्यात तत्त्वचिंतनाला जागा कोठली, असे कोणी म्हणेल. पण ज्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला देऊन लेखणी, शाई आणि कागद यांची विचारपूस परमार्थाच्या ग्रंथात केली, त्यांना साधनाचा विचार हलका वाटला नव्हता. मला तो विचार करताना दोन-तीन महिने गेले आणि तेवढ्या काळात भाचीकडून मी जे ऐकले त्याने माझे दप्तरी शहाणपण पुष्कळसे हलवून सोडले.

वर्गापुरते बोलायचे तर प्रश्न अवघड नाही. शरीररचनेच्या तासाला हृदयाचे चार कप्पे आणि त्यांतून जाणारा अशुद्ध व शुद्ध रक्ताचा मार्ग निळ्या-तांबड्या रंगांत काढायचा, चुकला तर पुसायचा, औषधशास्त्रात एकाच औषधाची तीन ठिकाणी आलेली माहिती क्षणात शोधून काढायची, हे काम टॅबलेट वहीपेक्षा चांगले करतो, आणि जाड ग्रंथांचे ओझे खांद्यावरून उतरते ते वेगळेच. उलट, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, जर्नल, केअर प्लॅन हे सारे अद्याप हातानेच लिहावे लागते, आणि वर्षभर काचेवर बोट फिरवणाऱ्या हाताला तीन तास पेन धरणे जड जाते. हाताने लिहिणारा सगळेच उतरवू शकत नाही म्हणून त्याला निवड करावी लागते आणि त्या निवडीतच आकलन होते, असा निष्कर्ष अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी 2014 साली प्रसिद्ध केला होता. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक तितका स्पष्ट निघाला नाही. मला तो निष्कर्ष आवडतो, पण आवडतो एवढ्यावरून त्याच्यावर भार टाकणे मला प्रशस्त वाटत नाही. वर्गाचे टिपण हे शिकणारीचे स्वतःचे असते. ते फाटले, बुडाले, मोबाईलमधून नाहीसे झाले तरी नुकसान तिचे एकटीचेच.

वॉर्डात पाऊल टाकताच मात्र हे सारे गणित उलटे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक 1859 सालचे, आणि त्याच्या नावातच टिपणे असल्यामुळे त्यात टिपणाची महती गायिलेली असेल अशा समजुतीने मी ते उघडले. रुग्णाच्या निरीक्षणावर तिने लिहिलेल्या प्रकरणात आढळले ते वेगळेच. कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने टिपून ठेवल्याने एखादीला मदत होत असेल तर तिने खुशाल टिपावे, अशी परवानगी ती देते. पण असल्या टिपणाने स्मृती आणि निरीक्षणशक्ती बळावण्यापेक्षा बहुधा लंगडीच होते असे आपले मतही लगोलग नोंदवते, आणि कोणत्याही मार्गाने निरीक्षणाची सवय जडत नसेल तर, मनात कितीही कळवळा असला तरी, हा व्यवसाय सोडून द्यावा असे बजावते. हे लिहिणारी बाई कागदाची वैरीण असती तर गोष्ट निराळी होती. क्रिमियन युद्धात मेलेल्या सैनिकांचे आकडे महिन्यामहिन्याने मांडून, त्यांतले बहुसंख्य शत्रूच्या शस्त्राने न मरता टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले हे दाखवणारी वर्तुळाकार आकृती जिने 1858 साली छापली, तीच ही. जिचा आकड्यांवर एवढा विश्वास, तिचा खाटेशेजारच्या पेन्सिलीवर अविश्वास का असावा?

याचे उत्तर मला भाचीने दिले, आणि तेही नकळत. श्वसनाचा दर कसा मोजतात हे ती सांगत होती. आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळताच माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावरच ठेवायची, नाडीच पाहत आहोत असे भासवायचे, आणि पुरे एक मिनिट छातीच्या वर-खाली होण्याकडे लक्ष द्यायचे. घाईच्या वेळी हे मिनिट कोणालाच सापडत नाही, आणि मग तक्त्यातल्या त्या रकान्यात 'वीस' हा आकडा सवयीने पडतो. एका तक्त्यावर ओळीने नऊ खाटांपुढे तिने 'वीस'च पाहिले होते. कागद भरला, नोंद झाली, सही झाली, आणि नऊ माणसांचा श्वास कोणीही पाहिला नाही. अन्नंभट्टाने तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात बुद्धीचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग करून स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते असे सांगितले आहे. ज्याचा अनुभवच झाला नाही त्याची स्मृती होणे शक्य नाही, आणि टिपण हे तर स्मृतीच्याही वरचे पूट. त्या नऊ 'विसां'ना नैयायिकाने काय म्हटले असते कोण जाणे! पाली वाङ्मयात याच स्मृती शब्दाचे 'सति' हे रूप चालू क्षणाच्या अवधानालाही लावतात. आठवणे आणि लक्ष देणे यांना एकच शब्द ज्यांनी ठेवला त्यांनी मोठ्या विचाराने ठेवला असला पाहिजे, असे मला त्या दिवशी वाटले.

संसर्गजन्य रोगाच्या खोलीत तर कागद आणि पेन आत नेण्याचीच मनाई असते. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब हे चार आकडे आत घ्यायचे, हातमोजे उतरवायचे, गाऊन उतरवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मग दाराबाहेर येऊन लिहायचे. पहिल्या दिवशी साबणाच्या फेसाबरोबर तिचा रक्तदाबाचा खालचा आकडा वाहून गेला. अंदाजाने लिहिण्याचा मोह झाला होता, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. पण पुन्हा गाऊन चढवून ती आत गेली. त्या रुग्णाला वाटले, बिचारी आपल्यासाठी किती वेळा येते!

आता मुद्द्याची गोष्ट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद नावाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार चार गुण मोजले आहेत. परिचारकाच्या ठिकाणी परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हवी. रोग्याच्या ठिकाणी सांगितलेल्या गुणांत आज्ञापालन आणि निर्भयता आहे, आपला रोग दुसऱ्याला कळवता येणे आहे, आणि पहिलाच गुण म्हणून स्मृती आहे. परिचारकाच्या यादीत स्मृती नाही. हे मी दोनदा पडताळून पाहिले, कारण लिहिण्या-टिपण्याच्या या युगात आपण नेमके उलट धरून चाललो आहोत. केव्हापासून दुखते, काय खाल्ले, कोणते औषध पचत नाही, मागल्या पावसाळ्यात काय झाले होते, हे सारे आठवणे हे आतुराचे, म्हणजे रोग्याचे, काम. ती त्याची मालमत्ता. पण बेशुद्ध माणसाने, तापात बरळणाऱ्याने, भेदरलेल्या म्हातारीने ती मालमत्ता कोठे ठेवावी? दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी मी स्वतः खाटेवर पडलो होतो. चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार नंबर तोंडपाठ सांगणारा मी, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली होती की नाही हे भीतीपोटी सांगू शकलो नाही. समोरची शिकाऊ मुलगी पेन खाली ठेवून स्वस्थ उभी राहिली, आणि थोड्या वेळाने मला आठवले. चरकाने स्मृतीच्या शेजारी निर्भयता का बसवली ते मला त्या खाटेवर समजले.

जी स्मृती रोग्याला पेलवत नाही ती परिचारिकेच्या हाती येते, आणि येते ती ठेव म्हणून, आमच्या कचेरीच्या भाषेत अमानत म्हणून. अमानतीला हात लावण्याचे कायदे वेगळे असतात. तिच्यात आपली भर घालता येत नाही, तिच्यातून काही काढता येत नाही, आणि ती कोणी दिली हे लिहून ठेवावे लागते. म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करताना गावोगाव फिरून ज्याने त्याने पाहिले-ऐकलेले विचारून घेतले. पुढे मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, आणि आठवणी जुळेनात तेव्हा अमक्याची 'वासना', म्हणजे त्याच्या आठवणीतला पाठ, अशी, तमक्याची अशी, हे भेद राखून ठेवले. कोणाचे पाहणे आणि कोणाचे सांगणे याचा हिशेब त्या साध्या माणसांनी ठेवला. भाचीच्या शिक्षिकाही तेच शिकवतात: 'रुग्ण म्हणतो' हे वेगळे लिहा, 'दिसले' हे वेगळे लिहा, वेळ घाला, सही करा, आणि चूक झाली तर व्हाइटनर लावू नका, एक आडवी रेघ मारा आणि शेजारी सही करा. हे ऐकून मला हसू आले. खाडाखोडीचा नेमका हाच शिरस्ता आमच्या अव्वल कारकुनांनी मला पहिल्या महिन्यात शिकवला होता, तोही कान धरून.

अमानत म्हटले की ती घरी नेता येते का, हा प्रश्न ओघानेच येतो. तिच्या वर्गातल्या एका मुलीने केस स्टडी लिहायला सोपे पडावे म्हणून एका केसपेपरचा मोबाईलवर फोटो घेतला, नाव-गावासकट तो अभ्यासाच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत तो चाळीस जणींच्या खिशात होता. मुलगी दुष्ट नव्हती; किंबहुना अभ्यासू होती. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्याकडे झाला खरा, पण मला कायद्यापेक्षा वेगळीच गोष्ट बोचली. हाताने नकलून घेणारीला नाव लिहायचे की नाही याचा विचार करावा लागतो. निदान पेन तेथे क्षणभर अडखळते. फोटोला अडखळणे ठाऊक नाही. जे साधन सगळे घेते ते अनुमती विचारण्याचा क्षणही गिळून टाकते.

टॅबलेट दिवाळीत आला, आणि मीच मेहुण्याकडे शिफारस केली. तो वर्गाचा आणि घरचा. वॉर्डात तो जात नाही. वॉर्डासाठी एप्रनच्या खिशात तळहाताएवढी डायरी आहे, तीत खाटेचा क्रमांक असतो, नाव नसते. व्यापाऱ्याच्या कच्च्या कीर्दीसारखी ती दिवसाची दिवसाला पक्क्या नोंदीत उतरते. याखेरीज तिच्या एप्रनच्या कडेला मायक्रोपोरची पांढरी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर '6 – 150/90' असे काही खरडलेले असते, तक्त्यावर चढवले की ती पट्टी काढून टाकायची. हे साधन कोणत्याही दुकानात टिपणाचे साधन म्हणून मिळत नाही, वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर मात्र ते वापरतात.

त्याच पट्टीचा दुसरा उपयोग मी तिच्याकडूनच ऐकला. अकरा नंबरच्या खाटेवर हृदय दुर्बळ झालेले एक म्हातारे शेतकरी होते. पायांवर सूज, आणि दिवसाला एक लिटरच्या वर द्रव नाही असा डॉक्टरांचा हुकूम. तक्त्यावर 'पाणी 4 ग्लास, 600 मिली' अशी नोंद रोज पडे, आणि सूज काही उतरेना. भाचीने त्यांचे पितळी फुलपात्र पाहिले, काठोकाठ भरले, आणि मापाच्या भांड्यात ओतले: 220 मिली. म्हणजे चार वेळांचे 880 झाले, आणि दोन कप चहा वेगळा. नाइटिंगेलने परिचारिकेला नजरेने औंस ओळखायला शिकावे असे का लिहिले, ते पुस्तक न वाचताच तिला समजले होते. तिने सिस्टरांना दाखवले, त्यांनी तक्त्यावर रेघ मारून सही केली, आणि भाचीने फुलपात्राला बाहेरून, 100 मिलीच्या उंचीवर, पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला. त्यानंतर आजोबा प्रत्येक वेळी पट्टीपर्यंतच पाणी ओतत, आणि भाची दिसली की पात्र उंच धरून दाखवत.

आठ-दहा दिवसांनी त्यांना घरी सोडले. सामान बांधताना आजीबाई घासलेल्या फुलपात्रावरची ती पट्टी नखाने खरवडू लागल्या, तेव्हा आजोबांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले, धोतराच्या सोग्याने पुसले, आणि पट्टीला काही लागणार नाही अशा बेताने पिशवीत सर्वांत वर ठेवले.