दार लावावें कीं उघडें ठेवावें?

कांद्याची एक रिकामी चाळ, तिला लावलेली तारेची जाळी, दोन मोठीं पातेलीं, एक हातपंप आणि एक वही, एवढ्या सामग्रीवर आमच्या तालुक्याच्या गांवीं निराश्रित कुत्र्यामांजरांचें एक आश्रयस्थान गेलीं चार वर्षें चाललें आहे. तेथें पगारी मनुष्य एकहि नाहीं. कोणी शिक्षक आहेत, कोणी शेतावर राबणाऱ्या बाया आहेत, कांहीं कॉलेजांतील मुलें आहेत. आठवड्यांतून एक दिवस पातेलीं घासण्याचें काम आमच्याकडे आहे. बाहेरचे लोक आम्हांस नेहमीं विचारतात कीं, माणसें उपाशी असतां कुत्र्यांस भाकर कां? ह्याचें उत्तर आम्ही थोडक्यांत देतों. हा प्रश्न विचारणारा गृहस्थ उपाशी माणसाच्या दाराशीं भाकर घेऊन जातांना आमच्या पाहण्यांत अद्याप आला नाहीं. आणि जे जातात ते हा प्रश्न विचारीत नाहींत. खरा कठीण प्रश्न निराळाच आहे, व तो आंत काम करणारांस पडतो. जागा भरली असतां दाराशीं आलेल्या जिवास परत पाठवावें काय?

गेल्या वर्षींच्या आषाढांतली गोष्ट. संध्याकाळीं भर पावसांत एक शेतकरी दाराशीं आला. त्याच्या हातांत गोणपाट होतें, व त्यांत एस.टी. स्थानकामागें सांपडलेलीं पांच पिलें कुईं कुईं करीत होतीं. नव्या जनावरास चवदा दिवस वेगळें ठेवावयाचें असा आमचा नियम आहे. परंतु वेगळी खोली त्या दिवशीं भरलेली होती. दारावर पाळी आमची होती. त्या मनुष्याचें भिजलेलें तोंड पाहून 'जागा नाहीं' हे शब्द आमच्या मुखांतून निघेनात. लहान पिलांच्या जाळींत एक कोपरा रिकामा होता, तेथेंच तीं ठेविलीं. शेतकऱ्यानें हात जोडले. घरीं जातांना आमच्या मनास मोठें समाधान वाटत होतें, हें येथें लपवीत नाहीं.

चवथ्या दिवशीं एका पिलानें खाणें सोडलें. मग ओकारी, मग रक्ताची हगवण. पशुवैद्यांनीं पाहतांच पार्व्हो म्हणून सांगितलें. हा रोग विष्ठेंतून पसरतो. त्याचे विषाणु जमिनींत कित्येक महिने टिकतात, आणि माणसाच्या वाहणांबरोबरहि इकडून तिकडे जातात. साध्या फिनेलानें ते मरत नाहींत; ब्लीचिंग पावडरचें पाणी लागतें. बारा दिवसांत नऊ पिलें गेलीं. पांच नवीं, आणि चार आमचीं, ज्यांस लशीची एकच मात्रा मिळालेली होती. त्या चारांपैकीं एक पिलूं एका मुलीनें बाटलीनें दूध पाजून वाढविलें होतें. ती आम्हांस कांहीं बोलली नाहीं. तिनें त्या दिवसाचीं पातेलीं घासलीं आणि ती घरीं गेली.

आम्हीं केलें तें दयेचें कृत्य होतें काय? समोर आलेल्या जिवाचा हक्क आम्हांस दिसला. जाळीआड निजलेल्यांचा दिसला नाहीं, कारण ते त्या वेळीं ओरडत नव्हते. ज्यास आंत घेतलें त्यास आपण न बोलतां एक वचन दिलेलें असतें: अन्न, औषध, कोरडी जागा, रोगापासून राखण. नव्यासाठीं दार उघडतांना तें जुनें वचन मोडत असेल, तर आपण दुसऱ्याच्या ताटांतलें वाढून उदार होतों.

शिवाय जागा किती, हें पिंजरे मोजून ठरत नाहीं, असें आम्हांस आतां कळलें आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलें येत नाहींत, कापणीच्या वेळीं बाया येत नाहींत, दिवाळींत जो तो आपल्या गांवीं. कुत्र्यास मात्र पाडव्याच्या सकाळींहि भूक लागते, व त्याची घाण त्या दिवशींहि काढावी लागते. म्हणून पाडव्याच्या सकाळीं सहा वाजतां किती हात खात्रीनें येतील तें पाहून आम्हीं संख्या बांधली: कुत्रीं बावीस, मांजरें आठ.

दाराशीं आणलेल्या पुष्कळ जनावरांस आश्रयाची गरजच नसते, हेंहि सांगितलें पाहिजे. गल्लींतलें धडधाकट कुत्रें, रात्रीं भुंकतें म्हणून, पोत्यांत घालून आणतात. २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणें अशा कुत्र्याची नसबंदी करून व रेबीजची लस टोंचून त्यास त्याच्याच जागीं परत सोडावयाचें असतें. पुढें ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, बस व रेल्वे स्थानकें इत्यादिकांच्या आवारांतील कुत्रीं उचलून आश्रयस्थानांत ठेवावीं, पुन्हा तेथें सोडूं नयेत, असा आदेश दिला. ज्याच्या मुलास कुत्रें चावलें त्या बापाचें भय आम्ही हलकें लेखीत नाहीं. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे माणूस बहुधा वांचत नाहीं. परंतु आदेश निघाल्यानें चाळ लांब होत नाहीं.

येथवर वाचून आमचा निकाल दार लावण्याकडे झाला असें वाटेल. तथापि एक उदाहरण मनास स्वस्थ बसूं देत नाहीं. आर्थर ब्रूम नांवाचे एक इंग्रज पाळक होते. जनावरांवरील क्रूरपणा थांबविण्याकरितां १८२४ सालीं लंडन शहरीं जी संस्था निघाली तिचे ते प्रवर्तक. गुलामगिरीचे शत्रु विल्यम विल्बरफोर्स हेहि संस्थापकांत होते. खर्च वर्गणीच्या पुढें गेला, कर्ज झालें, आणि संस्थेच्या त्या कर्जापायीं ब्रूम यांस तुरुंगांत जावें लागलें. हिशेबी मनुष्य म्हणेल कीं, त्यांनीं आधीं पैसा मोजावयास हवा होता. पण ते मोजीत बसते, तर १८४० पासून 'रॉयल' म्हणविणारी ती संस्था उभी राहती कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे. मग त्यांचें साहस आम्हांस पूज्य कां वाटावें, आणि आमचें आषाढांतलें साहस लाजिरवाणें कां वाटावें? आम्हांस फरक दिसतो तो इतकाच कीं, ब्रूम यांनीं मर्यादा ओलांडिली तेव्हां किंमत स्वतः भरिली. आमची किंमत नऊ पिलांनीं भरिली, आणि त्या मुलीनें.

हें ध्यानीं आल्यावर आम्हीं सर्वांनीं मिळून नियम बदलला. संख्या भरली म्हणजे चाळीचें दार बंद. त्यास अपवाद नाहीं. परंतु ज्यास राहवत नसेल त्यानें आपल्या स्वतःच्या घराचें दार खुशाल उघडावें. लस व औषध संस्था देईल, जागरण त्याचें. ह्या नियमास सर्वांत मोठ्यानें होकार आम्हींच दिला होता.

गेल्या मंगळवारीं पहाटे फाटकाशीं एक टोपली होती. आंत मांजराचीं दोन पिलें, डोळे न उघडलेलीं. वहींत मांजरें आठ. इतक्या लहान पिलांस गाईचें दूध मानवत नाहीं, निराळी भुकटी आणावी लागते. ती दर दोनतीन तासांनीं पाजावी लागते, आणि पाजल्यावर ओल्या कापसानें पुसावें तेव्हां कोठें तीं लघवी करितात. टोपली सध्यां आमच्या स्वयंपाकघरांत ओट्याखालीं आहे. पहिल्या रात्रीं आमच्या पत्नीनें, हा नियम कोणीं केला, म्हणून विचारिलें. दुसऱ्या रात्रीपासून दोन वाजतांची पाळी तिनें घेतली आहे.